चिकटणाऱ्या टकरीचं गणित: संवेग आणि ऊर्जेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन वस्तू आदळतात, एकमेकींत रुततात किंवा अडकतात आणि पुढे एकच वस्तू होऊन जातात. पुस्तकी भाषेत ही पूर्णतः अप्रत्यास्थ टक्कर. गणित म्हणून हा टकरीचा सगळ्यात सोपा प्रकार, एका ओळीत उत्तर येतं. तरी सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, कारण त्या ओळीनंतर ऊर्जेचा हिशोब मांडला की काही ज्यूल बेपत्ता झालेले दिसतात.

चिकटल्यानंतरचा वेग कसा काढायचा?

प्रत्येक वस्तूचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, काढा. दिशेचं चिन्ह सांभाळून बेरीज करा. त्या बेरजेला एकूण वस्तुमानाने भागा.

सामाईक वेग = एकूण संवेग ÷ एकूण वस्तुमान

२ किलोची ट्रॉली ३ मी/से वेगाने येते आणि उभ्या असलेल्या १ किलोच्या ट्रॉलीला जाऊन चिकटते. एकूण संवेग २ × ३ + १ × ० = ६ किग्रॅ·मी/से. एकूण वस्तुमान ३ किलो. दोघी मिळून २ मी/से वेगाने पुढे जातात. हेच उदाहरण पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

नुसती वेगांची सरासरी काढली असती तर १.५ मी/से आलं असतं, आणि ते चूक. सरासरी काढायचीच, पण जड वस्तूचं मत तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात जास्त धरून. म्हणूनच सामाईक वेग नेहमी दोन्ही मूळ वेगांच्या मधे कुठेतरी येतो. तुमचं उत्तर त्या दोहोंच्या बाहेर गेलं, तर पुढची आकडेमोड करण्याआधी मागे वळा.

संवेग टिकतो, हे कशावरून?

न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून. पहिली दुसरीला जितक्या बलाने ढकलते, तितक्याच बलाने दुसरी पहिलीला उलट ढकलते. आणि दोघींचा स्पर्श सारखाच वेळ टिकतो. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. बल समान आणि विरुद्ध, वेळ एकच, म्हणजे एकीने जेवढा संवेग गमावला तेवढाच दुसरीने कमावला. वस्तू रबराच्या आहेत की मातीच्या, चिकटल्या की उसळल्या, याच्याशी या युक्तिवादाला काही देणंघेणं नाही. बाहेरून कोणी ढकललं नाही, एवढी एकच अट.

मग गतिज ऊर्जा का टिकत नाही? बल तर तेच आहे!

खरा प्रश्न हाच, आणि 'ऊर्जा उष्णतेत जाते' हे त्याचं उत्तर नव्हे. ती कुठे जाते एवढंच त्यातून कळतं. जावंच का लागतं, हे त्यातून कळत नाही.

संवेग बल गुणिले वेळाने बदलतो, ऊर्जा बल गुणिले अंतराने. टकरीत दोन्ही वस्तूंना वेळ समान मिळतो, अंतर मात्र समान मिळत नाही. सारी गोम इथे आहे.

ट्रॉल्यांकडे परत जाऊ. समजा टकरीत दोघींमधलं बल कायम २० न्यूटन आहे. १ किलोच्या ट्रॉलीचा संवेग ० वरून २ व्हायला ०.१ सेकंद लागेल. तेवढ्या वेळात पहिली ट्रॉली ३ वरून २ मी/से वर येते, म्हणजे सरासरी २.५ मी/से वेगाने २५ सेंटिमीटर जाते. दुसरी ० वरून २ वर जाते, सरासरी १ मी/से वेगाने १० सेंटिमीटर सरकते. पहिलीने गमावलेली ऊर्जा २० × ०.२५ = ५ ज्यूल. दुसरीने मिळवलेली २० × ०.१० = २ ज्यूल. मधल्या ३ ज्यूलचं काय झालं? पहिली १५ सेंटिमीटर जास्त सरकली, याचा अर्थ दोघींमधलं काहीतरी तेवढं चेपलं गेलं. २० न्यूटन बलाने १५ सेंटिमीटर चेपायला बरोबर ३ ज्यूल लागतात.

आता बल दहापट करा, २०० न्यूटन. टक्कर ०.०१ सेकंदात संपेल, चेपणं दीड सेंटिमीटरवर येईल, आणि खर्च पुन्हा ३ ज्यूलच. वस्तू कडक असो वा मऊ, चिकटायचं असेल तर ही किंमत ठरलेली. पदार्थ बदलून ती कमी करता येत नाही.

किती ऊर्जा गेली, हे थेट काढायचं सूत्र आहे का?

आहे, आणि ते लक्षात ठेवण्याजोगं आहे.

गमावलेली ऊर्जा = ½ × (दोन्ही वस्तुमानांचा गुणाकार ÷ त्यांची बेरीज) × (सापेक्ष वेग)²

कंसातल्या राशीला 'रिड्यूस्ड मास' म्हणतात. आपल्या ट्रॉल्यांसाठी ती २ × १ ÷ ३ = ⅔ किलो. सापेक्ष वेग ३ मी/से. म्हणून ½ × ⅔ × ९ = ३ ज्यूल. लांबच्या वाटेने पडताळा (गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग): टकरीआधी ½ × २ × ९ = ९ ज्यूल, नंतर ½ × ३ × ४ = ६ ज्यूल, फरक ३.

सूत्रात स्वतंत्र वेग कुठेच नाहीत, फक्त दोन वस्तू एकमेकींकडे किती वेगाने येत होत्या तेवढंच आहे. एकूण गतिज ऊर्जेचे दोन भाग पाडता येतात: एक वस्तुमानकेंद्राच्या पुढे जाण्याचा, दुसरा वस्तूंच्या आपापसातल्या हालचालीचा. चिकटणं म्हणजे दुसरा भाग शून्य होणं. पहिल्याला हात लावता येत नाही, कारण तो संवेगाने बांधलेला आहे. माझ्या मते पाठ्यपुस्तकांनी हे सूत्र अगदी सुरुवातीला द्यायला हवं. बहुतेक ठिकाणी ते शेवटच्या सरावप्रश्नात दडलेलं असतं.

दुसरी वस्तू उभी असेल तर आणखी सोपं: मूळ ऊर्जेचा गमावलेला हिस्सा = उभ्या वस्तूचं वस्तुमान ÷ एकूण वस्तुमान. ट्रॉल्यांत १ ÷ ३, म्हणजे ९ पैकी ३ ज्यूल. कारागीर हे सूत्र न लिहिता वापरत आले आहेत. लोखंडाला आकार द्यायचा तर ऊर्जा चेपण्यातच जायला हवी, म्हणून ऐरण हातोड्यापेक्षा कितीतरी जड असते. जमिनीत खांब ठोकताना मात्र ऊर्जा खांबाच्या हालचालीत उरायला हवी, तिथे घण खांबापेक्षा जड घेणं फायद्याचं.

चालत्या वाहनातून पाहणाऱ्याला वेग वेगळे दिसतील. मग त्याची ऊर्जाहानीही वेगळी येईल का?

नाही. ट्रॉल्यांची टक्कर २ मी/से वेगाने सोबत धावणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहा. त्याला २ किलोची ट्रॉली १ मी/से वेगाने पुढे आणि १ किलोची २ मी/से वेगाने मागे जाताना दिसते. टकरीआधी ऊर्जा १ + २ = ३ ज्यूल, टकरीनंतर दोघी त्याच्या दृष्टीने थांबलेल्या, म्हणजे ०. हानी ३ ज्यूल. ३ मी/से वेगाने धावणाऱ्याला आधी ४.५, नंतर १.५ दिसतील. हानी पुन्हा ३.

किती ऊर्जा 'होती' हे पाहणाऱ्यावर अवलंबून असतं, किती 'गेली' यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. व्हायलाच हवं, कारण चेपलेला पत्रा सर्वांना सारखाच चेपलेला दिसतो.

समोरासमोर आदळल्या तर?

पद्धत तीच, फक्त एका दिशेला धन आणि दुसऱ्या दिशेला ऋण धरायचं. ५ किलोची वस्तू उजवीकडे २ मी/से आणि ३ किलोची डावीकडे ४ मी/से: संवेग १० − १२ = −२. एकूण ८ किलो, म्हणून सामाईक वेग −०.२५ मी/से, डावीकडे. ऊर्जा आधी १० + २४ = ३४ ज्यूल, नंतर केवळ ०.२५ ज्यूल. ९९ टक्क्यांहून जास्त गेली.

३ किलो ४ मी/से ने उजवीकडे आणि २ किलो ६ मी/से ने डावीकडे असेल तर संवेगांची बेरीज शून्य. दोघी जागच्या जागी थांबतात आणि ६० च्या ६० ज्यूल जातात. इथे हमखास विचारलं जातं: संवेग 'नष्ट' झाला का? नाही, तो आधीही एकूण शून्यच होता. संवेग सदिश आहे, म्हणजे त्याला दिशा असते; विरुद्ध दिशांचे संवेग एकमेकांना छेदतात, म्हणजे वजा होतात. ऊर्जा अदिश आहे, तिला ऋण बाजूच नाही, त्यामुळे तिची छेदाछेद होत नाही.

कणभौतिकीत याच कारणासाठी दोन झोत समोरासमोर आदळवतात. उभ्या लक्ष्यावर झोत मारला तर बरीच ऊर्जा सगळा ढिगारा पुढे नेण्यात अडकून राहते. समोरासमोरच्या टकरीत ती सगळी नवे कण तयार करायला मोकळी होते. लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कण आदळवणाऱ्या यंत्रात २०२२ पासून ६.८ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टचे (हे कणांच्या ऊर्जेचं एकक) दोन झोत आदळतात आणि पूर्ण १३.६ हाती येतात.

वस्तू काटकोनात येऊन चिकटल्या तर?

दोन दिशांचे दोन स्वतंत्र हिशोब. १२०० किलोची गाडी पूर्वेला १५ मी/से, १८०० किलोची उत्तरेला १० मी/से, चौकात आदळून अडकल्या. पूर्वेचा संवेग १८,०००, उत्तरेचाही १८,०००. एकूण वस्तुमान ३००० किलो, म्हणून पूर्वेला ६ आणि उत्तरेला ६ मी/से. पायथागोरस लावून ८.४९ मी/से, बरोबर ईशान्येकडे.

ऊर्जा आधी १,३५,००० + ९०,००० = २,२५,००० ज्यूल. नंतर ½ × ३००० × ७२ = १,०८,०००. गेले १,१७,००० ज्यूल. थेट सूत्रानेही तेच यायला हवं: रिड्यूस्ड मास ७२० किलो, सापेक्ष वेगाचा वर्ग २२५ + १०० = ३२५, निम्मा गुणाकार १,१७,०००.

ऊर्जेचे मात्र पूर्व आणि उत्तर असे घटक पाडून दोन हिशोब जुळवायला जाऊ नका. ऊर्जेला दिशा नसते.

टकरीच्या वेळी रस्त्याचं घर्षण असतं. ते बाह्य बल नाही का?

आहे. तरी आपण ते सोडतो, कारण टक्कर क्षणात संपते आणि तेवढ्यात घर्षणाला फारसं काही करता येत नाही. पण 'नगण्य' म्हणण्याआधी आकडा बघावा. वरच्या गाड्यांवर घर्षणगुणांक ०.७ धरला तर घर्षणबल ०.७ × ३००० × ९.८, म्हणजे सुमारे २०,६०० न्यूटन. टक्कर ०.१ सेकंद चालली तर घर्षणाने खाल्लेला संवेग फार तर २०६० च्या आसपास. एकूण संवेग सुमारे २५,५००. म्हणजे कमाल ८ टक्के. अंदाजासाठी चालेल, काटेकोर कामासाठी लक्षात घ्यावं लागेल.

टक्कर संपल्यानंतर मात्र घर्षण हाच मुख्य खेळाडू. एकत्र झालेल्या गाड्या घसरत जाऊन किती अंतरावर थांबतील? वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणगुणांक × ९.८) = ७२ ÷ १३.७२, म्हणजे सुमारे सव्वापाच मीटर. अपघाताचा तपास करणारे हेच गणित उलटं करतात: रस्त्यावरच्या घसरणीच्या खुणांवरून टकरीनंतरचा वेग, आणि त्यावरून संवेगाच्या आधारे टकरीआधीचे वेग.

टांगलेल्या ठोकळ्यात गोळी घुसते, या गणितात ऊर्जेचा नियम वापरायचा की संवेगाचा?

दोन्ही, पण एकाच वेळी नाही.

१० ग्रॅमची गोळी ३०० मी/से वेगाने १.९९ किलोच्या टांगलेल्या ठोकळ्यात रुतते. पहिला टप्पा: गोळी घुसून ठोकळ्याबरोबर एक होईपर्यंत. इथे फक्त संवेग. ०.०१ × ३०० = ३, भागिले २ किलो, सामाईक वेग १.५ मी/से. दुसरा टप्पा: ठोकळा झोका घेऊन वर जातो. इथे चिकटण्याचं काम संपलेलं आहे, दोरीचं बल गतीला काटकोनात असल्याने कार्य करत नाही, म्हणून यांत्रिक ऊर्जा टिकते. उंची = १.५² ÷ (२ × ९.८), सुमारे ११.५ सेंटिमीटर.

दोन्ही टप्पे एकत्र करून 'गोळीची गतिज ऊर्जा = ठोकळ्याची स्थितिज ऊर्जा' असं लिहिण्याचा मोह जबरदस्त असतो. तसं करून उंचीवरून गोळीचा वेग काढला तर २१ मी/से येतो. खरा ३००. चूक थोडीथोडकी नाही, चौदापट. कारण गोळीच्या ४५० ज्यूलपैकी झोक्याला मिळतात अवघे २.२५. उरलेले ९९.५ टक्के लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात जातात.

याला बॅलिस्टिक पेंड्युलम म्हणतात. बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. बंदुकीच्या गोळीचा वेग घड्याळाने मोजणं तेव्हा अशक्य होतं. एका जड ठोकळ्यात गोळी अडकवून तो वेग हळू आणि मोजण्याजोगा करायचा, ही त्यातली हुशारी.

गेलेली ऊर्जा नेहमी उष्णताच बनते का?

बहुतांशी शेवटी हो, पण वाटेत तिची बरीच रूपं होतात: वाकलेला धातू, तुटलेले बंध, आवाज, कंपनं. चिकटलेली जोडी गरगर फिरू लागली तर काही ऊर्जा त्या फिरण्यातही असते, आणि ती गतिज ऊर्जाच असते. अशा वेळी वरच्या सूत्राने आलेली हानी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, कारण त्यात फिरणं धरलेलं नाही.

उष्णता होण्याची सक्तीही नाही. दोन ट्रॉल्यांमधे स्प्रिंग ठेवा आणि ती पूर्ण दबली की खटका अडकेल अशी सोय करा. ट्रॉल्या चिकटल्या, ३ ज्यूल गेले, पण सगळे स्प्रिंगमधे जपलेले. खटका सोडला की परत मिळतील.

आदळल्यावर वस्तू तापलेली का जाणवत नाही? शिशाचे दोन सारखे गोळे प्रत्येकी २० मी/से वेगाने समोरासमोर चिकटले, तर दर किलोमागे २०० ज्यूल सुटतात. शिशाची विशिष्ट उष्णता सुमारे १३० ज्यूल प्रति किलो प्रति अंश. सगळी ऊर्जा शिशातच राहिली तरी तापमान दीड अंशाने वाढेल. वेग ३०० मी/से केला की चित्र पालटतं: दर किलोला ४५,००० ज्यूल, म्हणजे साडेतीनशे अंशांची वाढ व्हावी इतके. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळू लागतं. वेगाचा वर्ग काय करतो ते इथे दिसतं.

चिखलाचा गोळा भिंतीला चिकटून थांबला. त्याचा संवेग गेला कुठे?

भिंतीत, आणि भिंतीतून पृथ्वीत. अर्धा किलोचा गोळा १० मी/से ने आदळला तर ५ किग्रॅ·मी/से संवेग पृथ्वीला मिळाला. तिचं वस्तुमान सुमारे ६ × १०²⁴ किलो, त्यामुळे वेगातला बदल दशांशचिन्हानंतर चोवीस शून्यं आणि मग पहिला आकडा, एवढा.

गंमत अशी की पृथ्वीला संवेग सगळा मिळतो आणि ऊर्जा जवळजवळ काहीच नाही. गतिज ऊर्जा = संवेगाचा वर्ग ÷ (२ × वस्तुमान), आणि भाजक प्रचंड आहे. गोळ्याचे २५ ज्यूल जवळपास पूर्णपणे गोळा चपटा करण्यातच खर्च होतात.

चालत्या गाडीत वरून पिशवी पडली तर?

आडव्या दिशेचा संवेग टिकतो, उभ्या दिशेचा नाही, कारण खाली जमीन आहे. ८ किलोची ट्रॉली ३ मी/से, तिच्यावर ४ किलोची वाळूची पिशवी सरळ उभी पडली: २४ ÷ १२ = २ मी/से. आडव्या गतीची ऊर्जा ३६ वरून २४ ज्यूल. पिशवी किती उंचावरून पडली याने आडव्या वेगात काहीच फरक पडत नाही. पडतानाची तिची ऊर्जा मात्र वेगळी जाते, ती हानीत मिळवायला विसरू नका.

याची उलट बाजू बऱ्याच जणांना फसवते. तीच ट्रॉली तळाच्या भोकातून वाळू सांडत गेली, तर वेग वाढत नाही. सांडणारी वाळू आपला आडवा वेग घेऊनच खाली जाते.

एकामागून एक डबे चिकटत गेले तर?

टकरींचा क्रम बिनमहत्त्वाचा. २० टनांचा डबा ४ मी/से वेगाने येऊन तशाच तीन उभ्या डब्यांना एकेक करून जोडला गेला, तर शेवटी १ मी/से. ऊर्जा १,६०,००० वरून ४०,००० ज्यूल, म्हणजे एकचतुर्थांश. मधले टप्पे करायची गरज नाही.

एका टोकाला खिळलेल्या दांड्याला गोळा चिकटला, तर संवेग टिकत नाही असं का म्हणतात?

कारण खिळा बाहेरून बल लावतो. इथे खिळ्याभोवतीचा कोनीय संवेग (फिरण्याचा संवेग) टिकतो, कारण खिळ्याच्या बलाला स्वतःभोवती आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचा जोर, नसतं.

घर्षणरहित आडव्या टेबलावर ३ किलोचा, १ मीटर लांबीचा दांडा, एका टोकाला खिळलेला. दुसऱ्या टोकाला अर्धा किलोचा मातीचा गोळा ६ मी/से ने काटकोनात येऊन चिकटतो. दांड्याचं जडत्व आघूर्ण (फिरण्याच्या हिशोबात वस्तुमानाची जागा घेणारी राशी) ⅓ × ३ × १ = १, गोळ्याचं ०.५, एकूण १.५. आधीचा कोनीय संवेग ०.५ × ६ × १ = ३. म्हणून कोनीय वेग २ रेडियन प्रति सेकंद. ऊर्जा ९ वरून ३ ज्यूल.

आता सरळ संवेग मोजा. आधी ०.५ × ६ = ३. नंतर दांड्याच्या मध्याचा वेग १ मी/से, त्याचा संवेग ३. गोळ्याचा वेग २ मी/से, त्याचा १. एकूण ४! संवेग कमी होण्याऐवजी वाढला. टोकाला ठोसा बसल्यावर मोकळ्या दांड्याचं दुसरं टोक मागे जाऊ पाहतं. खिळा ते अडवतो आणि अडवताना दांड्याला पुढे ढकलतो. जादाचा १ तिथून आला. इथे सवयीने सरळ संवेग वापरणाऱ्याचं उत्तर हमखास चुकतं.

थोड्या उसळल्या, पूर्ण चिकटल्या नाहीत तर?

वरच्या हानीच्या सूत्राला (१ − गुणांकाचा वर्ग) याने गुणा. हा गुणांक म्हणजे दूर जाण्याचा सापेक्ष वेग भागिले जवळ येण्याचा सापेक्ष वेग. चिकटल्यावर तो शून्य, म्हणून हानी सर्वाधिक. गुणांक ०.५ असला तरी हानी कमाल हानीच्या ७५ टक्के असते, हे अनेकांना अनपेक्षित वाटतं.

हा हिशोब पहिल्यांदा कोणी लावला?

१६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचे नियम मांडायला सांगितले. जॉन वॉलिस यांनी न उसळणाऱ्या वस्तूंचा नियम दिला, ख्रिस्तोफर रेन आणि क्रिस्टियान हायगेन्स यांनी उसळणाऱ्या वस्तूंचा. त्याआधी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 'गतीचं प्रमाण' टिकतं असं म्हटलं होतं, पण दिशेचं चिन्ह धरलं नव्हतं. त्याचे टकरींचे बहुतेक नियम त्यामुळेच कोसळले.

पुढे १६८६ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ लायबनिट्झने वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग ही राशी महत्त्वाची ठरवली आणि वाद पेटला: गतीचं खरं माप कोणतं? १७२० च्या दशकात डच शास्त्रज्ञ ग्राव्हेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट केला की खळगा चौपट होत होता. हा प्रयोग फ्रेंच विदुषी एमिली द्यू शातले यांनी आपल्या लेखनातून पुढे आणला. मातीत रुतणारा गोळा म्हणजे आपलीच चिकटणारी टक्कर, आणि खळगा म्हणजे गमावलेल्या ऊर्जेचं माप. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. 'गेलेली' ऊर्जा उष्णतेत मोजून दाखवायला मात्र १८४० च्या दशकातले ज्यूल यांचे प्रयोग यावे लागले.

अवकाशात अशी टक्कर घडवून पाहिली आहे का?

४ जुलै २००५ रोजी नासाच्या डीप इम्पॅक्ट मोहिमेचा ३७२ किलोचा भाग टेंपल १ या धूमकेतूवर १०.३ किमी/से वेगाने आदळवला. सुमारे २० अब्ज ज्यूल. धूमकेतू इतका जड की जवळजवळ ती सगळी विवर खणण्यात गेली.

नासाचीच २६ सप्टेंबर २०२२ ची डार्ट मोहीम आपल्या विषयाला जास्त जवळची. सुमारे ५८० किलोचं यान ६.१ किमी/से वेगाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळलं. यान नुसतं चिकटलं असतं तर डायमॉर्फसच्या वेगात सेकंदाला एक मिलिमीटरही फरक पडला नसता. प्रत्यक्षात तो सुमारे २.७ मिलिमीटर पडला आणि डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा ११ तास ५५ मिनिटांचा त्याचा फेरा सुमारे ३३ मिनिटांनी घटला. आदळण्याने उडालेला दगडधोंड्यांचा फवारा मागच्या दिशेने गेला आणि त्याने उलट धक्का दिला. लघुग्रहाला मिळालेला संवेग यानाच्या संवेगाच्या २.२ ते ४.९ पट असावा असा अंदाज आहे. पट्टा एवढा रुंद असण्याचं कारण लघुग्रहाच्या घनतेबद्दलची अनिश्चितता. संवेग टिकण्याचा नियम मोडला का? नाही. फवाऱ्याचा संवेग हिशोबात धरला की बेरीज जुळते.

प्रकाशाच्या वेगाजवळ हेच नियम चालतात का?

संवेगाची सूत्रं बदलतात, आणि वस्तुमानांची साधी बेरीज चालत नाही. प्रत्येकी १ किलोच्या दोन वस्तू प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने समोरासमोर येऊन चिकटल्या, तर उभ्या राहिलेल्या जोडीचं वस्तुमान २ किलो नसून २.५ किलो भरेल. 'गेलेली' गतिज ऊर्जा वस्तुमान म्हणून तिथेच बसलेली असते.

रोजच्या वेगांनाही हे लागू आहे, फक्त दिसत नाही. चौकातल्या त्या दोन गाड्यांचे १,१७,००० ज्यूल ऊब म्हणून बाहेर जाण्याआधी जोडीचं वस्तुमान वाढवतात, साधारण एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाने.